ओटीचा दगड

दगड खाली न्यायची कल्पना सासूबाईंची. पण बायका मी गोळा केल्या, ट्रॅक्टर मी सांगितला आणि नदीकाठाला सिमेंटचा चौथराही मीच घालून घेतला. तीस वर्षं अंगणवाडी चालवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी काही करायचं म्हटलं की मी लगेच पदर खोचते. करावं की करू नये, हे मला मागाहून सुचतं.

आमचं रेठवडी सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. नदी आणि वस्ती यांच्यामध्ये चाळीस एकर मळई आहे. आहे म्हणायची जिभेची सवय अजून जात नाही; होती. मळई म्हणजे नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ, काळीभोर सखल जमीन. तिथली वांगी सांगलीच्या बाजारात गावाचं नाव सांगून विकायचे. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी आधी मळईत शिरायचं, चार दिवस तिथं पसरून राहायचं आणि बहुतेक वर्षी तिथूनच माघारी जायचं. सरकारी नकाशात मळईला हिरवा रंग होता आणि तिथं घर बांधायला बंदी होती. माझ्या आजेसासऱ्यांनी तो नकाशा कधी पाहिला नव्हता, तरी त्यांनी मळईत साधा गोठाही घातला नाही.

पाणी मळई ओलांडून वर यायला लागलं की गावच्या बायका जाऊन नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी भरली की ती माघारी फिरते, अशी समजूत. आणि पूर ओसरला की जिथं ती थांबली तिथं एक दगड मांडायचा आणि दर श्रावणात त्या दगडाशी ओटी भरायची.

एकोणीस सालच्या महापुरात आम्ही तीनदा ओटी भरली. तिनं ऐकलं नाही. मळईच्या कडेचं पहिलं घर बनुबाईचं. तिचा नवरा केरबा म्हशीचं दावं सोडायला गोठ्यात गेला आणि भिजलेली भिंत त्याच्या अंगावर पडली. पाणी शेवटी थांबलं ते बनुबाईच्या घराच्या वर, माझ्या अंगणवाडीच्या दुसऱ्या पायरीशी. पूर ओसरल्यावर तिथं दगड मांडला. आमचे हंबीरराव, माझे यजमान, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. रंगाचा डबा दिसला की त्यांना राहवत नाही. पलटणीत ट्रंकेवर नाव-नंबर घालतात तशा ठसठशीत अक्षरांत त्यांनी दगडावर लिहिलं, ‘महापूर २०१९, पाणी इथपर्यंत’, आणि खाली एक लाल रेघ ओढली.

दोनच वर्षांनी पुन्हा पूर आला. या खेपेला पाणी दगडाच्या दहा पावलं अलीकडे थांबलं. घरं पडली नाहीत, पण वस्तीची छाती फुटायची राहिली होती एवढंच. बनुबाईची तर दशा झाली. आभाळ भरून आलं की ती भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध पाट टाकून बसायची. जेवण तिथं, शिवण तिथं. लेकीनं हाताला धरून उठवलं तरी उठायची नाही.

तेव्हा माझ्या सासूबाई, चंद्राबाई, अंगणवाडीच्या पायरीवर बसून म्हणाल्या, “तिचं ठाणं आपुन आपल्या दारात मांडून ठिवलंय. मग ती येणार न्हाईतर काय करंल? आपल्या जागंव कोण येत न्हाई? तिला तिच्या काठाला न्हेऊन सोडा.”

मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडतात, तसं नदीला सोडायचं ठरलं. त्या कामाचे नियम सगळ्यांना पाठ असतात. बायकांनीच जायचं. मोबाईल घरी ठेवायचा. सोडून आल्यावर मागं वळून बघायचं नाही. आणि ज्या जागेवरनं उठवलं त्या जागेचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही; काढलं तर ती वाट विचारत परत येते. मी या गोष्टी मानत नाही. निदान तेव्हा असं समजत होते. मी केलं ते बनुबाईसाठी. तिला पाटावरनं उठवण्याचा दुसरा उपाय मला सुचत नव्हता.

ट्रॅक्टर दिला माझ्या पुतण्यानं, दिग्विजयनं. धाकट्या दिरांचा मुलगा. त्याला अ-आ-इ मी गिरवायला लावलं होतं. तो ट्रॅक्टर लावून बाजूला थांबणार होता, पण बावीस बायकांना मिळून तो दगड ट्रॉलीत चढेना, तेव्हा तोच बाह्या सारून पुढं झाला. “काकी, सरका तुमी. कंबर धरंल,” म्हणाला. खाली नदीकाठीही त्यानंच दगड उतरवला, चौथऱ्यावर नीट बसवला, हंबीररावांची अक्षरं समोर येतील असा. मग तो गेला आणि आम्ही ओटी भरून, शपथ घेऊन, मान खाली घालून परत आलो. त्या पावसाळ्यात बनुबाई पाटावरनं उठली. मला माझंच फार कौतुक वाटलं.

पुढं दोन वर्षांनी कळलं की मळईचा हिरवा रंग काढून ती रहिवासी करायचा प्रस्ताव आहे. मळईतली बरीचशी शेतं दिग्विजयनं आणि सांगलीतल्या त्याच्या भागीदारांनी गुपचूप घेऊन ठेवली होती. एकशे चाळीस बंगले, ‘मळई ग्रीन्स’. आठ फूट भराव घालून, भोवती भिंत बांधून. आठ फूट म्हटल्यावर लहान पोरालाही कळावं की मळईत बसणारं पाणी मग कुठं जाऊन बसणार.

हंबीररावांना पेन्शनीत पहिल्यांदा लढाई मिळाली. मोटरसायकलवरनं घरोघर फिरून त्यांनी तीनशे बारा हरकती गोळा केल्या. एकही सही दुसऱ्याच्या हातची नाही, एकही अंगठा पुसट नाही. जेवताना ताटाशेजारी फाईल. मी म्हणायची, “आवं, भाकरी तरी बघून खावा.” ते म्हणायचे, “संयोगिता, या खेपंला पाण्याला वर येऊ द्यायचं न्हाई. केरबा आपल्या डोळ्यांदेखत गेला.” केरबाला भिंतीखालनं ओढून काढणाऱ्यांत ते होते. त्याचा विषय निघाला की ते घास खाली ठेवायचे.

नगररचनेच्या साहेबांपुढं सुनावणी झाली, तेव्हा दिग्विजयच्या वकिलानं वेगळाच डाव टाकला. घरांत पाणी शिरलं हे कबूल, पण ते वस्तीमागच्या ओढ्याचं. नदीचं पाणी मळई ओलांडून कधी वर आलंच नाही. पंचनाम्यात नुसतं ‘पुराचं पाणी’ असं लिहिलेलं, कुठलं ते लिहिलेलं नाही. आणि मग त्यानं एक फोटो पुढं केला. नदीकाठ, चौथरा, त्यावर दगड, दगडावर आमच्या सुभेदारांचं अक्षर. पाणी इथपर्यंत. गावकऱ्यांनी स्वतः लावलेली खूण आहे, साहेब, म्हणाला.

हंबीरराव घरी आले ते तडक माळ्यावर चढले आणि जुने फोटो उपसत बसले. एक सापडला. रंगवलेल्या दगडाशेजारी ते ताठ उभे आहेत. पण फोटो खालून वर काढलेला, त्यात ते, दगड आणि मागं नुसतं आभाळ. कुठं उभे आहेत ते देवालाही सांगता आलं नसतं.

“तुमी बायकांनी न्हेला न्हवं त्यो खाली?” त्यांनी विचारलं.

मी भाकरी थापत होते. मी थापतच राहिले. त्यांना वाटलं, मनाला लागलंय, म्हणून बोलत नाही. ते म्हणाले, “असू दे. साहेब जागा बघायला येणार हायती. तवा सांगा फकस्त. एकीनं सांगितलं तरी काम हुतंय.”

मे महिना संपत आला होता तेव्हा साहेब आले. आभाळात वळवाचे ढग जमले होते. नदीकाठाला, दगडाभोवती अख्खं गाव उभं. एका बाजूला दिग्विजय, वकील आणि जमिनी दिलेली पाच-सहा माणसं. दुसऱ्या बाजूला हंबीरराव, त्यांच्या मागं पुरुष, त्यांच्या मागं आम्ही बायका. थोडा लांब, मेंढरांपाशी, धुळा.

धुळा जतकडचा मेंढपाळ. दरसाल जानेवारीत मेंढरं घेऊन यायचा, शेतं मोकळी होईपर्यंत ती अंगणवाडीशेजारी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवायचा आणि मग उन्हाळाभर मळईत शेताशेतातून बसवायचा. मेंढरं बसली की शेताला खत होतं. शेतकरी त्याबद्दल त्याला ज्वारी देतात. त्याच्या बापापासून ही रीत चालत आलेली. आमच्यापेक्षा त्याला मळईचा उंचसखलपणा जास्त पाठ होता.

साहेब सभ्य होते. त्यांनी आधी हंबीररावांचं ऐकून घेतलं. “मी स्वतः रंगवला,” हंबीरराव म्हणाले, “अंगणवाडीच्या दुसऱ्या पायरीला.”

“इथं आणताना तुम्ही पाहिलंत?”

“न्हाई. तो बायकांचा विधी हुता.”

“आणि हरकतदारही तुम्हीच. तुमच्या एकट्याच्या शब्दावर मला लिहिता येणार नाही.”

तेव्हा धुळा मेंढरं सोडून पुढं आला. फेटा काढून हातात घेतला. “सायेब, दगड वर हुता. माज्या वाघरीची खुंटी त्याच्या बुडाला असायची. दोन सालं मी थितं जाळी बांदलीया.”

“तुम्ही कुठले?”

“जतंकडचा.”

वकील म्हणाला, “इथं मतदान आहे का? सातबारा?”

धुळा हसला. “मेंढराला कसला आलाय सातबारा?”

त्याच्या हसण्यानं लोकही हसले आणि तिथंच त्याची साक्ष संपली. साहेबांनी काही लिहिलं नाही. धुळा फेटा तसाच हातात धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. त्याला ठाऊक होतं. आम्ही दगड नेला तेव्हा ट्रॅक्टरचं चाक त्याच्या वाघरीच्या जागेवरनंच गेलं होतं. पुढच्या साली त्यानं मला विचारलंही होतं, ‘बाई, माजी खुंटी कुठं बांदू आता?’

साहेब बायकांकडे वळले. “अंगणवाडी कुणाची?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झाले.

“बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा. हा दगड आधी दुसरीकडे होता?”

मला एक वाक्य बोलायचं होतं. होता, पायरीला होता, मी हलवला. तीस वर्षं मुलांना सांगत आले, खरं बोलायला कशाला घाबरायचं. माझ्या डाव्या अंगाला सासूबाई होत्या. त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, “आण घेतलीया, संयोगिता.” उजव्या अंगाला बनुबाई होती. तिनं माझा हात धरला आणि इतका दाबला की बांगडी रुतली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि ओठ थरथरत होते. मला ती पाटावर बसलेली दिसली. मी बोलले, जागेचं नाव काढलं, आणि पाऊस लागला, तर ही पुन्हा पाटावर बसणार, आणि या खेपेला उठायची नाही, असं मला वाटलं. आणि आणखी एक गोष्ट वाटली, तीही सांगते. समोर माझा नवरा तीनशे बारा हरकतींची फाईल छातीशी धरून उभा होता, आणि ही सगळी लढाई बुडवणारा चौथरा बायकोनं घालून घेतलाय, हे त्यानं चारचौघांत माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“बाई?” साहेब म्हणाले.

“मला आठवत नाही,” मी म्हणाले.

साहेबांनी बाकीच्यांना विचारलं. मलाच आठवत नाही म्हटल्यावर कुणाला आठवणार? एकेक मान खाली गेली. दिग्विजयनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, नवल होतं. मी बोलणार असं त्यानंही धरलं होतं बहुतेक. हंबीररावांनी फाईलची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि मोटरसायकल ढकलत घरी गेले. सुरू करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

दिवाळीनंतर मळईचा रंग बदलला. डंपर सुरू झाले. मुरूम, दगड, कुठली कुठली पाडलेली घरं, सगळं मळईत पडत होतं. वांग्यांची शेवटची झाडं फळांसकट गाडली गेली. जानेवारीत धुळा आला. रस्त्यावर मेंढरं थांबवून त्यानं भिंतीकडे पाहिलं, मेंढरांनी भिंतीचा वास घेतला, आणि तो तसाच वळून गेला. मी पायरीवर होते. त्यानं मला रामराम केला नाही. पुन्हा तो या बाजूला आला नाही.

रस्त्याच्या तोंडाला मोठा फलक लागला. त्यावर आमचा दगड. दिग्विजयनं त्याला संगमरवरी देवळी केली होती, वर कळस. फोटोखाली लिहिलं होतं, ‘महापुरातही पाणी फक्त इथपर्यंत! निश्चिंत राहा.’ अक्षर सुभेदारांचंच मोठं करून छापलं होतं. हंबीरराव सांगलीला जायचे तर लांबच्या रस्त्यानं जायला लागले. घरात ते माझ्याशी कामापुरतं बोलत. भांडण असं कधी केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

गेल्या ऑगस्टात पाणी आलं. महापूर नव्हता. वरच्या धरणातनं सोडलेलं, नेहमीचं पाणी, जे पूर्वी मळईत चार दिवस बसून गेलं असतं. ते भिंतीला लागलं, दोन्ही अंगांनी वळलं आणि सकाळच्या अकराच्या सुमाराला वस्तीत शिरलं. एकीकडनं गल्लीतनं, दुसरीकडनं ओढ्यातनं. वकिलाचं म्हणणं शेवटी खरं झालं, आता पाणी ओढ्यातनंही आलं. बंगले कोरडे राहिले. माझ्या अंगणवाडीच्या खिडक्या बुडाल्या. दुपारपर्यंत आम्ही सगळे माळावरच्या हायस्कुलात होतो. बनुबाईचं नवं घर विटांचं होतं, ते पडलं नाही. पण पाणी आढ्याला टेकलं आणि केरबाचा एकुलता एक फोटो आत राहिला.

सासूबाई एका बाकावर अंथरूण टाकून पडल्या होत्या. ओटी भरायला जा, म्हणाल्या. कुणी उठलं नाही. एकीनं विचारलं, “कुठं भरायची?” दगड देवळीत, देवळी भिंतीच्या आत, आणि फाटकावर पहारेकरी.

मी बनुबाईशेजारी जाऊन बसले. ती भिंतीपासून लांब, वर्गाच्या मधोमध बसली होती. हंबीरराव किटली घेऊन सगळ्यांना चहा देत हळूहळू आमच्या ओळीकडे येत होते.

“बनुबाई,” मी म्हणाले, “मी त्या दिवशी गप बसले ती तुझ्यासाठी. तू हात दाबलास, मग माझी जीभ उचललीच न्हाई.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. समजत नाही अशी.

“व्हय, दाबला की मी,” ती म्हणाली. “बोला म्हणून दाबला, बाई. मला सायबाम्होरं बोलाया येत न्हाई. तोंड उघडाय गेले तर आवाजच फुटंना. म्हटलं, बाई हायत, त्या शिकलेल्या हायत, त्या सांगतील. भ्यायले हुते, पर माजा मालक भिंतीखाली गेलाय. मी कशाला गप बसा म्हणीन?”

मी माझ्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या. मला तेव्हाच विचारता आलं असतं. नुसतं ‘काय गं?’ म्हणायला किती वेळ लागतो? पण मी विचारलं नाही, कारण मला तिच्या दाबण्याचा जो अर्थ हवा होता तो मी लावून मोकळी झाले होते. मला गप बसायचं होतं. बनुबाईचा हात आयता मिळाला.

मान वर केली तर हंबीरराव समोर उभे होते, हातात किटली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वाकून बनुबाईच्या हातात कप दिला, भरून दिला, सांडू नये म्हणून क्षणभर तिच्या हाताखाली आपला हात धरला. मग ते मला ओलांडून पुढच्या बाईकडे गेले.